तिसऱ्या वर्गाचा अर्धा डबा

गोव्यातल्या सांगे तालुक्यात एका कुळागरात, पोफळींच्या रांगा संपून जिथे पाटाचे पाणी वळण घेते तिथे, चिऱ्यांच्या कमरेएवढ्या जोत्यावर रेल्वेचा अर्धा डबा उभा आहे. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. एका टोकाची भिंत मूळची आहे आणि दुसऱ्या टोकाला, जिथे करवत फिरली, तिथे नंतर चिऱ्यांची भिंत रचली आहे. टेप लावून मोजला तेव्हा तो २८ फूट लांब भरला आणि आतून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साडेसात फूट. त्याला चाके नाहीत, खालचा लोखंडी सांगाडा नाही, रूळ तर नाहीतच. डब्यावर लाकडी वाशांचे आणि मंगळुरी कौलांचे वेगळे छप्पर आहे आणि त्याच्या सावलीत डबा गेली पंचवीसेक वर्षे सुपारीची पोती, नारळ आणि जुनी शेतीची हत्यारे सांभाळत आला आहे.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो माझ्या एका माजी विद्यार्थिनीमुळे. तिचे सासर त्या कुळागरात. जेवणे झाल्यावर तिचे सासरे मला पोफळी दाखवायला घेऊन गेले आणि बोलता बोलता आम्ही त्या कोठाराशी आलो. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथेच थांबले. ती पितळी मूठ मला ओळखीची होती. माझे वडील वास्कोच्या यार्डात कॅरेज फिटर होते आणि लहानपणी अशा मुठी पुसताना मी त्यांना असंख्य वेळा पाहिले होते.

बाबा मूळचे पेडण्याचे. गोवा मुक्त झाल्यानंतर तीन-चार वर्षांनी ते रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले आणि पुढे फिटर झाले. त्यांच्या खात्याला सगळे ‘सी अँड डब्ल्यू’ म्हणत, म्हणजे कॅरेज अँड वॅगन, आणि ज्या रुळावर नादुरुस्त डबे काढून ठेवत तिला ‘सिक लाइन’. घरात डब्यांविषयीचे बोलणे माणसांविषयीच्या बोलण्यासारखेच असे. अमुक डबा सिक झाला, तमुक डब्याचा ॲक्सल तापला, हा हुबळीहून ओव्हरहॉल होऊन आला, तो आता कंडेम होणार, म्हणजे भंगारात जाणार. गाडी येऊन उभी राहिली की बाबा लांब दांड्याचा हातोडा घेऊन एका बाजूने सुरुवात करत आणि प्रत्येक चाकावर एक टोला देत पुढे सरकत. चांगल्या चाकातून ‘ठण्ण’ असा लांबत जाणारा नाद येई, तडा असलेल्या चाकातून मात्र बसका, लगेच मरणारा आवाज. हातोड्याबरोबरच त्यांचा डावा तळवाही काम करत असे. प्रत्येक ॲक्सलबॉक्सच्या झाकणावर तो क्षणभर टेकवला जाई. जुन्या डब्यांच्या ॲक्सलबॉक्समध्ये रोलर बेअरिंग नसे. धातूच्या बेअरिंगखाली तेलात भिजवलेले सुताचे वेस्ट ठासून भरलेले असे आणि फिरणारा ॲक्सल त्यातून तेल घेत राही. ते वेस्ट सुकले किंवा एका बाजूला सरकले की बेअरिंग तापत असे, आणि तापलेले बेअरिंग वेळीच ओळखले नाही तर ॲक्सल तुटण्यापर्यंत वेळ येई. बाबांच्या तळव्याला किती ऊब चालते आणि किती नाही याचे मोजमाप पक्के होते. कॅसलरॉकहून घाट उतरून आलेल्या गाडीचे डबे ते दोनदा तपासत.

त्या घाटाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गोव्यात धावलेल्या प्रत्येक डब्याचे आयुष्य त्या घाटाने झिजवले आहे. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची ही मीटरगेज लाइन १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहातून निघाली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या नावाची, लंडनमध्ये उभारलेली कंपनी ती बांधत होती. मुरगाव ते सावर्डे हा भाग १८८७ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी गाडी घाट चढून कॅसलरॉकला पोहोचली. संपूर्ण लाइन सुमारे ८२ किलोमीटरची, आणि त्यातला कुळे ते कॅसलरॉक हा शेवटचा २६ किलोमीटरचा तुकडा म्हणजे ब्रागांझा घाट. तिथला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. रस्त्यावरच्या वाहनाला हा चढ काहीच नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घेऊन चढणाऱ्या गाडीला मात्र तो फार मोठा आहे, म्हणून आजही तिथे मागून जोर लावायला जादा इंजिने जोडतात.

चढताना त्रास इंजिनाला होतो, उतरताना तो डब्यांना होतो. जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. इंजिनातल्या इजेक्टरने सगळ्या डब्यांमधून जाणाऱ्या नळीतली हवा खेचून घेतली की ब्रेक सुटत, आणि नळीत हवा शिरू दिली की चाकांवर ओतीव लोखंडाचे ठोकळे घट्ट बसत. (धोक्याची साखळी ओढणे म्हणजेही दुसरे काही नव्हते, ती त्या नळीत हवा येऊ देत असे.) घाट उतरताना हे ठोकळे मैलोन्‌मैल चाकांना घासत राहत. बाबा सांगत की पावसाळ्यात दूधसागरच्या तुषारांनी भिजलेली गाडी कुळ्याला पोहोचली की चाकांतून वाफ निघे आणि जळलेल्या लोखंडाचा वास साऱ्या फलाटावर पसरे. ते ठोकळे इतके झपाट्याने झिजत की सपाटीवरच्या डब्यांपेक्षा घाटातल्या डब्यांचे ठोकळे फार आधी बदलावे लागत. कुळागरातल्या डब्याला आता चाके नाहीत आणि ठोकळेही नाहीत, पण त्याच्या खालच्या आडव्या तुळईवर, बाहेरच्या बाजूने, लोखंडाच्या तांबूस बारीक भुकटीचा थर लाकडाच्या रेषांमध्ये कायमचा बसलेला आहे. बोट फिरवले तरी तो निघत नाही. मला तो प्रत्येक उतरणीचा हिशेब वाटतो.

डबा कोणाचा होता ते त्याच्या अंगावरच लिहिलेले आहे. कडेच्या फळ्यांवरचा वरचा राखाडी रंग पोपडे धरून सुटू लागला होता. तिथे तिरप्या उन्हात पाहिले तर खालच्या लाल रंगावर मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या उंचवट्याच्या कडा दिसतात, ‘एम अँड एस एम’. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे ही १९०८ मध्ये दोन कंपन्या एकत्र होऊन झाली आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली, तेव्हा डब्याचा जन्म या दोन सालांच्या मधला. गोव्याची लाइन पोर्तुगीज हद्दीत असली तरी विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिचे चालवणे याच मराठा रेल्वेकडे होते. कुळ्याला पोर्तुगीज जकातवाले आणि कॅसलरॉकला इंग्रजांचे जकातवाले प्रवाशांची गाठोडी सोडवून पाहत. १९५५ मध्ये भारताने गोव्याशी असलेली रेल्वे वाहतूक थांबवली, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर गाड्या पुन्हा घाट उतरू लागल्या. मग १९६६ मध्ये हुबळी विभाग नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला. मालकाचे नाव इतक्या वेळा बदलले आणि प्रत्येक वेळी रंगाऱ्याने जुन्या अक्षरांवरून कुंचला फिरवला, पण जाड शिसेयुक्त रंगाने लिहिलेली पहिली अक्षरे कोणालाही पूर्ण झाकता आली नाहीत.

आता त्या दाराकडे येते, ज्यासाठी मी हे सगळे लिहायला बसले. दाराच्या वरच्या चौकटीत, डोळ्यांच्या पातळीवर, वर्गाचा आकडा रंगवलेला आहे. रोमन आकड्यातले दोन, म्हणजे दोन उभ्या रेघा. पण त्या दोन रेघा चौकटीच्या मधोमध नाहीत, त्या डावीकडे सरकलेल्या आहेत. उजवीकडे तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच रुंदीचा, आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित गडद असा एक उभा पट्टा आहे. तिथे तिसरी रेघ होती. भारतीय रेल्वेने १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द केला आणि तिसऱ्या वर्गाचे डबे दुसऱ्या वर्गाचे झाले. या डब्यासाठी तो बदल एवढाच झाला की कोणा रंगाऱ्याने कुंचल्याच्या एका फटक्याने तिसरी रेघ झाकून टाकली. बाकडी तीच राहिली, खिडक्यांचे गज तेच राहिले आणि सामानाच्या फळ्याही त्याच. तरी त्या एका फटक्याचे मोल मी कमी मानत नाही. माझ्या आजीने आयुष्यभर तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि १९७४ नंतर एकदा मिरजेला जाताना तिने तिकीट दोनदा उलटून पाहिले होते, ते मला आठवते. ‘दुसरा वर्ग’ असे छापलेले तिकीट तिने नंतर देव्हाऱ्याच्या फळीवर पुष्कळ दिवस ठेवले होते.

त्या काळी गोव्याहून मुंबईला रेल्वेने जायचे म्हणजे मिरजेला उतरून मोठ्या गाडीत बसायचे. मीटरगेजचे रूळ एक मीटर अंतराचे आणि ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटरचे, त्यामुळे डबे एकमेकांच्या रुळावर जाऊच शकत नसत आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या करंड्या हे सगळे हमालांच्या डोक्यावरून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जात असे. मी चौथीत असताना याच प्रवासात माझ्या पायाशी असलेली पाण्याची कळशी कलंडली आणि समोरच्या बाकाखाली झोपलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला भिजवून गेली. ते उठून काही न बोलता हसले आणि आपले पटकूर पिळू लागले. म्हणून कुळागरातल्या डब्यात शिरल्यावर मी आधी बाकाखाली पाहिले, कारण तिसऱ्या वर्गात बाकाखालची जागा ही खरोखरची झोपायची जागा होती. तिथल्या फळ्या वरच्या बाकाइतक्याच गुळगुळीत झालेल्या आहेत.

लाकूड सागवानाचे आहे, बहुधा बर्मी. अशा डब्यांची रचना समजून घेतली म्हणजे हा अर्धा डबा अजून का उभा आहे तेही कळते. खाली रिव्हेट ठोकून जोडलेला पोलादी सांगाडा, ज्याला अंडरफ्रेम म्हणतात, सगळे ओझे आणि सगळे हिसके झेलत असे आणि त्याच्यावर लाकडाचे घर बसवलेले असे. सागवानी खांब, आडव्या तुळया, त्यांवर फळ्या, वरती कमानदार छताच्या पट्ट्या आणि त्यांवर रंग पाजलेले कॅनव्हास. घर आणि पाया असे हे वेगळे होते. स्वातंत्र्यानंतर पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून जे पोलादी डबे बनू लागले त्यांत हा भेद राहिला नाही, त्यांत भिंती, छत आणि तळ मिळून एकच कवच होते आणि सगळे मिळून भार उचलत. पोलादी डबे आले हे चांगलेच झाले. लाकडी डबे टकरीत एकमेकांत घुसून चिरफाळत आणि आगीत काडेपेटीसारखे पेटत, त्यांत किती माणसे गेली हे बाबांनी पाहिले होते आणि जुन्या डब्यांविषयीचे त्यांचे प्रेम त्या गोष्टीपुढे कधी आंधळे झाले नाही. पण कंडेम झाल्यावर पोलादी कवच गॅसने कापून भट्टीत पाठवण्यापलीकडे त्याचे फारसे काही होऊ शकत नाही. लाकडी घर मात्र सांगाड्यावरून उतरवून दुसरीकडे नेता येते.

याही डब्याने प्रवासी वाहणे सोडल्यावर दुसरे आयुष्य जगले. तो इंजिनिअरिंग विभागाचा कॅम्प डबा झाला. रुळांची कामे करणाऱ्या टोळ्या महिनोन्‌महिने अशा डब्यांत राहत. आडमार्गाच्या स्टेशनच्या सायडिंगवर डबा उभा करायचा, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप. आतल्या एका कोपऱ्यात छतापर्यंत काजळीचा काळा पंखा उमटलेला आहे, तिथे चूल होती. खिडकीच्या वर भांडी टांगायचे खिळे आहेत. दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने पाच-पाचाच्या रेघांचे गठ्ठे काढलेले आहेत. दिवस मोजले असतील, रुळांखालचे स्लीपर मोजले असतील. त्यांच्या शेजारी कन्नडमध्ये एक नाव आहे आणि मराठीत ‘पगार मिळाला’ एवढेच दोन शब्द आहेत. गावोगावच्या माणसांनी ज्या ठिकाणी चूल मांडली ते ठिकाण हे घरच होते.

१९९० च्या दशकात लोंढा-वास्को लाइन ब्रॉडगेज झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वेही पूर्ण सुरू झाली, मुंबई एका रात्रीवर आली आणि मीटरगेजचे डबे निरुपयोगी ठरले. यार्डातले जे होते ते लिलावात गेले. भंगारवाल्याला हवे होते ते लोखंड. त्याने अंडरफ्रेम आणि चाके ठेवून घेतली आणि वरचे लाकडी घर कुळागरवाल्या काकांना, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांना, विकले. पूर्ण लांबीचा डबा त्या वळणाच्या रस्त्याने ट्रकवर येणे शक्य नव्हते, म्हणून मधोमध करवतीने कापला. दुसऱ्या अर्ध्याच्या फळ्या घरांच्या दारांत आणि गोठ्यांत गेल्या.

काकांनी त्यावर कौले चढवली ती सुपारी भिजू नये म्हणून. पण त्यामुळेच डबा वाचला. लाकडी डब्याचे मरण वरून येते. कॅनव्हास फाटले की पाणी छताच्या पट्ट्यांत मुरते, तिथून खांबांच्या डोक्यांत उतरते आणि सांधे आतून कुजतात, बाहेरून मात्र रंग चकचकीत दिसत राहतो. गोव्यात जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो त्यात उघड्यावर ठेवलेला लाकडी डबा फार वर्षे टिकणार नाही. इथे कौलांनी पाऊस अडवला, जोत्याने जमिनीची ओल अडवली आणि पश्चिमेच्या बाजूला काकू दर मिरगाआधी विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधत आल्या, त्याने वाऱ्याबरोबरचा मारा अडवला. कोणत्याही संग्रहालयाने यापेक्षा वेगळे काय केले असते? वाळवीही लागली, पण ती कुठे लागली ते पाहण्यासारखे आहे. मूळच्या सागवानाला तिने तोंड लावले नाही. नंतरच्या दुरुस्त्यांत ज्या हलक्या लाकडाच्या फळ्या बसवल्या होत्या, नेमक्या त्याच तिने पोखरल्या. स्क्रूचेही तसेच. पितळी स्क्रू जसेच्या तसे आहेत, आणि जिथे बदली म्हणून लोखंडी लावले तिथे ते गंजून फुगले आणि त्यांनी आजूबाजूचे लाकूड चिरले.

मी दर महिन्याला एखादा रविवार तिथे जाऊ लागले. माझ्या हातून सुरुवातीलाच एक चूक झाली, ती मला इथे नोंदवायची आहे. टोकाच्या भिंतीवर धुळीचा आणि बुरशीचा जाड थर होता. मी सोड्याचे पाणी आणि काथ्याचा ब्रश घेऊन तो घासून काढला. दुसऱ्या दिवशी भिंत वाळल्यावर मला दिसले की त्या थराखाली पांढऱ्या स्टेन्सिलने वर्कशॉपच्या संक्षिप्त नावाखाली शेवटच्या ओव्हरहॉलची तारीख छापलेली होती. प्रत्येक डब्यावर ती असते, बाबांनी ती शेकडो डब्यांवर वाचली असेल. मी महिना आणि साल पुसून टाकले होते, उरला होता फक्त दिवस, १९. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. त्यानंतर मी पाण्याचा ब्रश बाजूला ठेवला आणि आधी फोटो, मग माप, मग मऊ कुंचल्याने धूळ, असा क्रम स्वतःला लावून घेतला. जुना रंग कोरडा घासायचा नाही हेही शिकले, कारण त्यात शिसे असते आणि त्याची भुकटी श्वासातून शरीरात जाते.

गेल्या वर्षी काकांच्या मुलाने डब्यात पर्यटकांसाठी खोली करायचे ठरवले. हेतू चांगला होता, सुपारीच्या भावावर घर चालवणे किती कठीण आहे हे मी जाणते. कंत्राटदार आला आणि त्याने सांगितले की आतून सगळे तासून काढू, काजळी जाईल, रेघोट्या जातील, प्लायवूड लावू, चकचकीत पॉलिश मारू, बाहेरून विटकरी रंग देऊन सोनेरी अक्षरे काढू. असे केलेले डबे मी पाहिले आहेत. राज्याबाहेर एका ठिकाणी एका लाकडी डब्याचे उपाहारगृह केलेले आहे. तिथे मूळ बाकडी कापून गाद्यांच्या खुर्च्या बसवल्या आहेत, सगळ्या मुठी नव्या पितळेच्या आहेत आणि बाहेरच्या पाटीवर डब्याचे वय मोठ्या अभिमानाने लिहिलेले आहे. मी तिथे चहा घेतला आणि एकही जागा अशी सापडली नाही जिथे पूर्वीच्या कोणाचा हात लागलेला आहे.

मी काकांना म्हटले, “काका, खोली करा, पण दार तासू नका.”

काका थोडा वेळ दाराकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “बाई, ते दार मलाही तसेच हवे आहे. पण मुलाला कसे सांगू? त्याला वाटते जुने म्हणजे घाण.”

मी मुलाशी बोलले. बाकाखालच्या गुळगुळीत फळ्यांवरून त्याचा हात फिरवला, मग त्याला दाराजवळ नेऊन त्या झाकलेल्या तिसऱ्या रेघेवर बोट ठेवायला लावले. राजांचे डबे जपले गेले, हेही त्याला सांगितले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून, म्हणजे खास राजेशाही डबा, आहे, प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ मध्ये बांधलेला सलून आहे, दोन्ही मीटरगेजचेच, आणि ते जपले हे योग्यच झाले. पण त्या काळात देशातल्या प्रवाशांपैकी कितीजण सलूनमधून गेले? ज्या डब्यांतून सगळा देश गेला ते डबे इतके सामान्य होते की त्यांतला एखादा राखून ठेवावा असे कोणाच्या मनात आले नाही. सलूनमध्ये राजाची श्रीमंती दिसते. इथे आपल्या आजी-आजोबांचे बसणे, झोपणे, हात टेकणे दिसते आणि ते लाकडाच्या वरच्या पातळ थरात आहे. रंध्याने एक थर काढला की ते सगळे भुशात जाईल.

तो लगेच पटला असे नाही. त्याने दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही रास्त होते. पाहुण्याने काजळीला पाठ टेकली तर त्याचे कपडे काळे होतील त्याचे काय, आणि मोडलेली फळी मोडकीच ठेवायची का? काजळीच्या कोपऱ्यासमोर आम्ही एक हलकी उघडी चौकट उभी करायचे ठरवले, भिंतीला एकही स्क्रू न लावता, म्हणजे उद्या ती काढली तर भिंत जशी होती तशीच असेल. आणि मोडकी फळी मोडकी ठेवायची गरज नाही. जी वाळवीने खाल्ली ती बदलायची, पण तेवढीच बदलायची. खांबाचे डोके कुजले असेल तर सगळा खांब न काढता कुजका भाग तिरका कापून नवा सागवानी तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. नवे लाकूड जुन्याच्या रंगाचे करायला काजूच्या टरफलांचे तेल लावू, होड्यांना लावतात तसे, असे सुताराने सुचवले. मला ते नको वाटले, कारण ते लाकडात खोल मुरते, काळे पडते आणि परत निघत नाही. जवसाचे तेल लावले. नवा तुकडा नवा दिसतो आणि तो नवा दिसावा हेच आम्हाला हवे आहे.

सुतार सावर्ड्याचा, साठीचा माणूस. खिडकीची झिलमिलीची झडप त्याने चौकटीतून सोडवून मांडीवर घेतली तेव्हा तिच्या आतल्या कडेवर पेन्सिलीने काढलेले जुन्या सुताराचे सांध्यांचे आकडे निघाले, एक ते नऊ, प्रत्येक पट्टीला एक. त्याने चष्मा वर करून ते वाचले, मग स्वतःच्या कानामागची पेन्सिल काढली आणि ज्या पाचव्या पट्टीच्या जागी तो नवी बसवत होता तिच्या कडेवरही पाचचा आकडा घातला. मी त्याला सांगितलेले नव्हते.

या मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, तीन कौले बदलली, दोन फळ्या बदलल्या आणि एका खांबाचे डोके जोडले. प्रत्येक नव्या तुकड्याच्या मागच्या बाजूला, जी बाजू आता भिंतीच्या आत गेली आहे, आम्ही पेन्सिलीने तारीख लिहिली. दार तसेच आहे. त्याचे खालचे बिजागर सैल झाले आहे आणि उघडताना दार जोत्याला घासते. पावसात लाकूड फुगलेले असते तेव्हा त्याला हात लावायचा नाही असे सुताराचे म्हणणे आहे, म्हणून ते काम चवथीनंतर धरले आहे. पितळी स्क्रू मी वास्कोहून आणून ठेवले आहेत.